पहिल्यांदाच फिलिपिनो रॉमकॉम बघताय? मग 'अ व्हेरी स्पेशल लव्ह' असा बघा

के-ड्रामे बघून झाले, आता फिलिपिनो काहीतरी सांग असं कोणी म्हटलं की मी पहिलं नाव हेच घेते. २००८ चा पिक्चर, दिग्दर्शक कॅथी गार्सिया-मोलिना, हिरो जॉन लॉइड क्रूझ आणि हिरॉइन सारा हेरोनिमो, जी मुळात गायिका आहे. गोष्ट साधी आहे, लायडा नावाची साध्या घरातली हसरी मुलगी, ज्या श्रीमंत मिगी मॉन्तेनेग्रोवर ती कधीची फिदा आहे त्याच्याच मॅगझिनच्या ऑफिसात तिला नोकरी लागते आणि बॉस म्हणून तो भयंकर तापट निघतो.

सबटायटल लावाच, पण कान तागालोगकडे, म्हणजे पिक्चरच्या मूळ भाषेकडे ठेवा. श्रीमंत-गरीब फरक कपड्यांत, घरांत दिसतोच, पण खरा फरक बोलण्यात आहे. मनिलाच्या सिनेमात पैसेवाल्या घरांतली माणसं बोलताना इंग्रजी जास्त मिसळतात, साध्या घरात तागालोग जास्त, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये सगळंच इंग्रजी दिसत असल्यामुळे नेमका हाच फरक पुसला जातो. म्हणून कोण कधी इंग्रजीवर जातंय ते ऐका, विशेषतः कोणी चिडलं की.

दुसरं, 'पो' हा शब्द पकडा. वाक्यात बहुतेकदा सुरुवातीच्या शब्दापाठोपाठ येतो, आदरासाठी. तागालोगमध्ये आपल्या तू आणि तुम्हीसारखं 'इकाव' आणि 'कायो' पण आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे इंग्रजीवाल्यांपेक्षा पटकन कळतं. लायडा त्याला 'सर मिगी' म्हणते, आपण मिगी सर म्हटलं असतं तसंच. कोण कोणाला कसं हाक मारतंय याकडे लक्ष ठेवलंत की कोण कोणाच्या किती जवळ आलंय ते सबटायटल न वाचताही कळतं, मला तर हीच या पिक्चरची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आणि 'महाल'! आपल्या राजमहालाशी संबंध नाही. तागालोगमध्ये महाल म्हणजे प्रिय आणि महाल म्हणजे महागसुद्धा, 'महाल किता' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. हा शब्द आणि आपला महाग, दोन्ही संस्कृत महार्घवरून आलेले मानतात. श्रीमंत मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीच्या गोष्टीत हा शब्द ऐकला की मला दरवेळी भरून येतं.

बघण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. मिगी श्रीमंत आहे पण तो वडिलांच्या लग्नाबाहेरच्या संबंधातून झालेला मुलगा आहे, घरात सावत्र भावंडं आहेत. फिलिपिन्समध्ये मुस्लिम सोडले तर घटस्फोटाचा कायदाच नाही, आणि अशा मुलाचा वारसाहक्क लग्नातल्या मुलाच्या निम्मा धरला जातो. हे डोक्यात असेल तर त्याचा राग नुसता श्रीमंतीचा माज वाटत नाही, वडिलांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून तो धडपडतोय हे दिसतं. मग लायडाच्या गजबजलेल्या घरात तो येतो तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, प्लीज.

पोटात गुदगुल्या झाल्यासारखं होईल, त्याला तिकडे 'किलिग' म्हणतात, २०१६ ला हा शब्द ऑक्सफर्ड डिक्शनरीतही गेला. जोरात हसा, उशी आवळा, तो पिक्चर तसाच बघायचा असतो. शक्यतो मैत्रिणीसोबत.

पुढचे दोन भाग क्रमानेच बघा, 'यू चेंज्ड माय लाइफ' २००९ चा, त्यात ते दोघं जोडपं झालेले असतात, आणि 'इट टेक्स अ मॅन अँड अ वुमन' २०१३ चा. तिसरा लगेच लावू नका, मध्ये थोडे दिवस जाऊ द्या, प्रेक्षकांनीही चार वर्षं वाट बघितली होती. आणि लावायच्या आधी पहिल्या भागातली ऑफिसात नवीन असलेली लायडा परत एकदा बघून घ्या, मग न्यूयॉर्कहून परत आलेली लायडा कशी चालते, कशी बोलते ते बघा.