घ नंतरचा ङ

ट्रेल मेकिंग, म्हणजे कागदावर विखुरलेले आकडे-अक्षरं क्रमाने रेघेने जोडायची चाचणी, कशी घ्यायची ते वर्गात शिकलाच असाल. माझी फजिती कुठे झाली तेवढं सांगते.

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच महिन्यात अल्झायमरचं निदान झालेल्या एक आजी आल्या. १ ते २५ आकडे जोडायचा 'अ' भाग त्यांनी सावकाश पण बिनचूक केला. 'ब' भागासाठी कुणीतरी मराठीत बनवलेला कागद होता: १, क, २, ख, आलटून पालटून. आजी ४, घ, ५ पर्यंत आल्या आणि पेन्सिल थांबली. ३०० सेकंद संपले. मी रिपोर्टमध्ये ठोकून दिलं: एक्झिक्युटिव्ह फंक्शन (आखणी करणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं ही मेंदूची क्षमता) तीव्र बाधित.

सरांनी कागद पाहिला. "तू स्वतः शेवटचा ङ कधी लिहिलास गं?"

'ब' मध्ये माणूस अडतो त्याला कारणं ढीगभर. अक्षरक्रम येत नाही, चष्मा घरी राहिला, हात मंद आहे, किंवा नियमच विसरला. अल्झायमरमध्ये हे शेवटचं तर नेहमीचंच. ही सगळी बाजूला काढल्यावर उरतं ते एक्झिक्युटिव्ह. म्हणून नुसता 'ब' चा वेळ बघू नका, त्यातून 'अ' चा वजा करा. कुठे अडले ते लिहा. घड्याळ थांबल्यावर (मध्ये अजिबात नाही) विचारा, "काय करायचं होतं?" नियम नीट सांगता आला, तरी ५ वरून थेट ६ वर गेले असतील, तर अदलाबदल जमत नाहीये. नियमच सांगता आला नाही, तर आधी स्मृतीचा विचार करा.

एमएमएसई (स्मृती, भान वगैरे झटपट तपासणारी छोटी चाचणी) ३० पैकी २७ आली म्हणून 'सगळं ठीक' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात एक्झिक्युटिव्ह जवळजवळ तपासलंच जात नाही. आणि पेशंटसमोर न बसता आकड्यांवर सही करणारे गाइड भेटले, तर गाइड बदला.

सुरुवातीला चुका होणारच, घाबरू नका. कच्चे कागद तेवढे फेकू नका.

पुढच्या भेटीत आजींना कलर ट्रेल्स दिली. तिच्यात अक्षरांची भानगडच नाही; दुसऱ्या भागात आकडे क्रमानेच, पण गुलाबी-पिवळा रंग आलटून पालटून जोडायचे. तिथे त्या पिवळ्या ४ वरून पिवळ्याच ५ वर गेल्या, पुढेही तेच. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "एकदा गुलाबी, एकदा पिवळा. माहितीय मला!"

निष्कर्ष तोच राहिला. फक्त 'तीव्र' खोडलं.