ग्रेव्ह्ज निघालाय? पहिल्या काही महिन्यांत या चुका टाळा

मे महिन्यात कोकणात घाम कोणाला येत नाही? म्हणून मी दोन-तीन महिने काही मनावरच घेतलं नाही. हात थरथरायचे, फळ्यावर लिहिताना खडू तुटायचा, जिना चढला की छाती धडधडायची. भूक दुप्पट, तरी वजन सात किलोंनी उतरलेलं. शेजारच्या काकींनी 'भायरचा काय तरी' ठरवून देवळात कौल लावायला सांगितलं. कौल लावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या नादात रक्त तपासायला आणखी पंधरा दिवस गेले, ती चूक माझीच.

मग निदान झालं: ग्रेव्ह्ज, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते तो आजार. भाच्याने मोबाइलवर शोधून 'ग्रेव्ह' म्हणजे थडगं असा अर्थ सांगितला आणि घरात रडारड! रॉबर्ट ग्रेव्ह्ज नावाच्या आयरिश डॉक्टरने १८३५ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यांचं आडनाव आहे ते. थडग्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्याची थायरॉइडची गोळी

आपल्याकडे 'थायरॉइड' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच आजार येतो: ग्रंथी मंदावलेला, वजन वाढवणारा. "माका पण थायरॉइड आसा गो, सकाळी उपाशी पोटी गोळी घे," असं मला निदान चार जणींनी सांगितलं असेल. त्या गोळीत थायरॉक्सिन असतं, म्हणजे जे हार्मोन आपल्या अंगात आधीच जास्त झालंय तेच. आगीत रॉकेल.

घोटाळ्याचं मूळ रिपोर्टमध्ये आहे. टीएसएचपुढे 'कमी' असा बाण दिसतो आणि वाचणारा म्हणतो, थायरॉइड कमी आहे. खरं तर उलटं. विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे आणा. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी टीएसएचच्या रूपाने थायरॉइडचा स्विच दाबते. ग्रेव्ह्जमध्ये आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज त्या स्विचवर बसून राहतात. टाकी भरून वाहते, पंप थांबत नाही, आणि वरून हुकूम देणारी ग्रंथी गप्प होते. म्हणून टीएसएच तळाला आणि टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची हार्मोन वर.

अर्धवट निदानावर गोळ्या सुरू करणं

थायरॉइडला सूज आली तरी काही आठवडे हार्मोन असेच वाढलेले दिसतात. तिथे साठलेलं हार्मोन नुसतं बाहेर सांडत असतं, त्यामुळे ग्रेव्ह्जच्या गोळ्यांचा उपयोग नसतो. फरक कळायला टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी किंवा थायरॉइड स्कॅन लागतो. गावच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नसेल तर नमुना बाहेर पाठवतात, चार दिवस थांबावं लागतं. थांबा.

आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांना फसवतं आणि नसलेला ग्रेव्ह्ज रिपोर्टवर दिसू शकतो. तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

पावसाळ्यातला ताप 'असाच' समजणं

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेकांना आधी कार्बिमाझोल, म्हणजे हार्मोन बनणं कमी करणारी गोळी, देतात. गोळी चांगली आहे, पण हजारात एक ते पाच जणांच्या पांढऱ्या पेशी ती अचानक एकदम खाली आणते. लक्षणं काय, तर ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. जूननंतर कोकणात घरटी एकाचा घसा बसलेला असतो. मग आपण गरम पाण्याच्या गुळण्या करतो, काढा पितो आणि गोळी चालूच ठेवतो. तसं करू नका. कार्बिमाझोलवर असताना ताप किंवा घसा आला की त्याच दिवशी गोळी थांबवायची, सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करायची, डॉक्टरांना फोन करायचा. पेशी ठीक निघाल्या तर ते गोळी पुन्हा सुरू करतील. धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त, पण नंतरही विसरू नये. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, असं झालं तरी तेच.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर आधीच सांगा.

दीड महिन्यात बरं वाटायला लागतं आणि इथेच दुसरी गडबड होते. मी गणपतीच्या धावपळीत बारा दिवस गोळ्या विसरले, विसर्जनानंतर थरथर परत हजर. कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो. टीएसएच कित्येक महिने तळालाच राहतो, त्यावरून निराश होऊन स्वतःच डोस वाढवू नका. सुरुवातीला दर चार-सहा आठवड्यांनी टी-फोर आणि टी-थ्री काय म्हणतात ते बघायचं.

घाईत कायमचा उपाय ठरवणं

हार्मोन चढलेले असताना झोप नसते, नवऱ्यावर चिडचिड, मध्येच रडू. अशा डोक्याने 'एकदाचं काढून टाका' म्हणू नका. एरवी गोळ्यांनी पातळी खाली आणून मग शांतपणे ठरवायला वेळ असतो.

नुसत्या गोळ्यांनी ढोबळ मानाने निम्म्या लोकांचा आजार शांत राहतो, बाकीच्यांचा उलटतो. शेवटी अँटिबॉडी अजून वर असतील तर उलटण्याची शक्यता जास्त. अशांना कमी डोस वर्षानुवर्षं चालू ठेवण्याचाही मार्ग आहे.

रेडिओआयोडीनच्या नावाने लोक उगाच घाबरतात. १९४१ पासून हा उपचार चालू आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आयोडीन-१३१ तोंडाने घ्यायचं, ते ग्रंथीत जाऊन तिला हळूहळू निकामी करतं. दर आठ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. पण काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहावं लागतं. एकत्र कुटुंब आणि एकच न्हाणीघर असेल तर हे आधी ठरवा, डोस घेऊन परतीच्या गाडीत बसल्यावर नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हा उपचार चालत नाही, नंतरही साधारण सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळे बटबटीत झाले असतील तर ते बिघडू शकतात, धूम्रपान असेल तर अधिकच.

ऑपरेशनने निकाल लगेच लागतो. गाठ मोठी असेल किंवा संशयास्पद असेल तर तेच बरं. माझा प्रश्न आवाजाचा होता, कारण मी शिक्षिका. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी तिथेच असतात. म्हणून सर्जनना सरळ विचारा, वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता? चांगले सर्जन याचा राग मानत नाहीत.

या दोन्हींनंतर थायरॉक्सिन बहुधा जन्मभर घ्यावं लागतं. त्या चार जणींची ती गोळी तेव्हा खरंच आपली होते!

दिवस राहायचा विचार असेल तर आधी सांगा, पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल टाळतात.

मासे सोडणं

मी महिनाभर बांगड्याकडे पाहिलं नाही. उगाच. रोजची मासळी आणि आयोडीनयुक्त मीठ यांनी ग्रेव्ह्ज होत नाही, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नसते. टाळायच्या त्या समुद्री शेवाळाच्या 'थायरॉइड सपोर्ट' गोळ्या. रेडिओआयोडीनआधी पथ्य असेल तर ते तिथले डॉक्टर सांगतील.

डॉक्टर येण्याच्या दिवसाची वाट पाहणं

आपल्याकडे हार्मोनचे डॉक्टर बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवशीच बाहेरून येतात. बाकी सगळ्याला तो दिवस चालतो. पण खूप ताप, छातीत प्रचंड धडधड, उलट्या-जुलाब आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो थायरॉइड स्टॉर्म असू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "पेशंटला ग्रेव्ह्ज आहे."