तुमच्या रूटला मोठी बस पाहिजे की मिडी (म्हणजे मधल्या आकाराची)? मागायच्या आधी हे मोजा

दुपारी रिकामी पळणारी १२ मीटरची बस बघून लोक म्हणतात कशाला एवढं धूड, छोटी लावा की, आणि सकाळी त्याच रूटवर दारात लटकलेली पोरं बघून तेच लोक म्हणतात अजून मोठी गाडी द्या. पुण्यात पीएमपीला किंवा मुंबईत बेस्टला सोसायट्यांच्या वतीने पत्र द्यायचं असेल ना, तर नुसतं मत देऊ नका, आकडे द्या. वही, पेन आणि सकाळी मोकळे असलेले दोन-तीन जण एवढ्यावर काम होतं.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, एका फेरीला किती तिकिटं निघाली यावरून बसची साइज ठरत नाही. समजा कात्रजहून शिवाजीनगरला जाणाऱ्या बसमध्ये ९० तिकिटं निघाली, पण स्वारगेटला अर्धी बस उतरली आणि तिथून नवे लोक चढले, तर एका वेळी आत ६० च्या वर कोणी नव्हतंच. आपल्याला पाहिजे तो सगळ्यात भरलेला टप्पा. तो कुठला हे रोजच्या कंडक्टरला तोंडपाठ असतं, सरळ विचारा. तिकीट मशीनमध्ये कुठल्या स्टेजपासून कुठल्या स्टेजपर्यंत तिकीट दिलं याची नोंद असते, ती माहिती अधिकारात मागता येते, पण पासवाले त्यात नीट सापडत नाहीत आणि कॉलेजच्या रूटवर तर अर्धी बस पासवालीच असते. म्हणून डोळ्यांनी मोजणं टळत नाही.

मोजायचं कसं, तर त्या भरलेल्या टप्प्याच्या सुरुवातीच्या स्टॉपवर उभं राहायचं. मंगळवार ते गुरुवारातले दिवस घ्या, गणपती, परीक्षा, जोडून सुट्ट्या टाळा. सकाळी साडेसात ते साडेदहा बास होतं. बस सुटताना किती सीट रिकाम्या, नाहीतर किती जण उभे, वेळ आणि बस केवढी एवढं लिहा. दाटी असेल तेव्हा एकेक डोकं मोजता येत नाही, मग मधल्या जागेत एक रांग उभी आहे, दोन आहेत का दारापर्यंत भरलंय असं लिहिलं तरी चालतं. खरी महत्त्वाची नोंद पुढची आहे, चढता न आल्यामुळे किती जण खाली राहिले. आणि शेजारच्या शेअर रिक्षा किती भरून गेल्या तेही टिपा, कारण तीही बसचीच माणसं आहेत, वाट बघून कंटाळलेली.

आता हिशोब. समजा गर्दीच्या तासाला त्या टप्प्यावर एका दिशेला ४८० माणसं आहेत. बसमध्ये आसनं किती आणि उभे किती याची पाटी असते ती बघा, पण उभ्यांचा पूर्ण आकडा धरू नका, सगळ्या सीट आणि उभ्यांची एक रांग एवढंच धरा. ढोबळमानाने १२ मीटरला ६०, ९ मीटरच्या मिडीला ४०, ७ मीटरच्या मिनीला २५. म्हणजे मोठ्या बसच्या तासाला ८ फेऱ्या, साडेसात मिनिटांनी एक. मिडी १२, दर पाच मिनिटांनी. मिनी २०, दर तीन मिनिटांनी. आता जाऊन-येऊन दीड तास लागत असेल तर रस्त्यावर मोठ्या १२ गाड्या, मिडी १८ आणि मिनी ३० लागतील, आणि प्रत्येकीला एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. मिनी स्वस्त पडते हा समज इथेच कोसळतो, कारण गाडी छोटी झाली म्हणून ड्रायव्हरचा पगार छोटा होत नाही, वाचतं ते थोडं इंधन नाहीतर चार्जिंग. शिवाय तीन-तीन मिनिटांनी सोडलेल्या गाड्या सिग्नलला एकमेकींना गाठतात, मग तीन एकदम येतात आणि नंतर दहा मिनिटं काहीच नाही.

पण उलटंही तितकंच खरं. दुपारी तासाला १२० माणसं असतील तर हिशोबाने मोठ्या बसच्या दोनच फेऱ्या निघतात, अर्ध्या तासाने एक, आणि अर्धा तास कोण थांबणार, लोक टू-व्हीलर काढतात आणि परत येत नाहीत. म्हणून आधी ठरवा की माणसाला जास्तीत जास्त किती थांबवायचं, माझ्या मते शहरात १५ मिनिटांच्या वर नाही, आणि मग फेऱ्या ठरवा. म्हणजे तासाला चार, प्रत्येकीत ३० जण, सगळे बसून. ही बस बाहेरून रिकामी वाटेल, वाटू दे! सकाळी तीच गाडी लागणार आहे, दुपारपुरती वेगळी मिडी घेऊन ठेवली तर डेपोत दोन गाड्या सांभाळाव्या लागतात. मोठी बस दिली म्हणून फेऱ्या कमी केल्या असं मात्र अजिबात मान्य करू नका, पत्रात ते आधीच लिहून टाका.

मिडी-मिनी मागायची खरी कारणं दोन. एक, दिवसभरात कधीच गर्दी होत नाही, म्हणजे मेट्रो स्टेशन ते सोसायटी असले छोटे रूट. दुसरं, रस्ता. पुण्यात २०२१ मध्ये पेठांसाठी पुण्यदशम बससेवा सुरू झाली, दहा रुपयांत दिवसभर, ती मिडी बसवर, कारण तिथल्या वळणांवर १२ मीटरची गाडी अडकते. तुमच्या रूटची वळणं आणि शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायला जागा आहे का ते स्वतः जाऊन बघा, आणि सकाळी सातला नाही, संध्याकाळी सातला, दोन्ही बाजूला टू-व्हीलर लागलेल्या असतात तेव्हा.

दारंही बघा. मुंबईत २०१९ ला बेस्टने किमान भाडं ५ रुपये केलं आणि त्याच सुमारास भाड्याच्या मिनी-मिडी बस आणल्या, प्रवासी परत आले ही फार चांगली गोष्ट झाली, पण स्टेशनबाहेरच्या लांब रांगेला एकाच दाराच्या छोट्या गाडीत चढायला वेळ लागतोच. डबल डेकरचंही तसंच, रस्त्यावर जागा कमी घेते पण जिन्यावरून चढ-उतर हळू, म्हणून ती थोडे स्टॉप आणि लांबपर्यंत जाणारे प्रवासी असलेल्या रूटला शोभते. जुन्या डबल डेकरला दोन कंडक्टर लागायचे. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पायऱ्या उंच असतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना लो-फ्लोअर मोठी बसच बरी पडते, हॉस्पिटलच्या रूटला हे आधी बघा.

पत्र देताना नव्या गाड्या मागू नका, अदलाबदल मागा. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा करार गाडीच्या लांबीप्रमाणे प्रति किलोमीटर दराने असतो, वर ठराविक किलोमीटर चालवायची हमी, त्यामुळे डेपोला वाटलं तरी उद्या मिनीच्या जागी मोठी आणता येत नाही. पण त्याच डेपोच्या दुसऱ्या रूटवर मोठी बस कायम अर्धी जात असेल तर तिथलीही मोजणी जोडा आणि या दोन रूटच्या गाड्या फक्त सकाळच्या शिफ्टला बदलून बघा असं लिहा, म्हणजे होकार द्यायला सोपं जातं. ड्रायव्हरला बदललेल्या गाडीवर आधी सराव द्या हेही त्यात टाका, ७ मीटरवाल्याला एकदम १२ मीटर देणं धोक्याचं आहे. बदल झाला की महिन्याभराने त्याच स्टॉपवर, त्याच वेळेला परत मोजा, शेअर रिक्षांचा रकाना आधी बघा.