जुनी, वेगळी शिलाई मशिनं जमवताय? या चुका टाळा

माझ्याकडच्या एका सिंगर २७ वर (सिंगर कंपनीचं जुनं मॉडेल) सोनेरी स्फिंक्सची, म्हणजे माणसाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेल्या प्राण्याची नक्षी होती. आता तिथे नुसतं काळं लोखंड आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून मशीन घरी आणलं आणि वरचा चिकट थर निघावा म्हणून थिनरचा बोळा फिरवला. दुसऱ्याच हाताला फडकं सोनेरी झालं. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो.

ती नक्षी रंगवलेली नसते. ती छाप उठवून चिकटवलेली असते आणि तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो. थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर यांनी लाख विरघळते. साबणाचं पाणीही नको, तडकलेल्या लाखेखाली शिरलं की सोनं पांढुरकं पडतं. मशीनचंच तेल, जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि हलका हात, एवढंच वापरा. आधी पाठीमागच्या कोपऱ्यात करून पाहा. काळेपणा एका दिवसात गेला नाही तर जाऊ दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

चाक फिरत नाही म्हणून मशीन सोडून देऊ नका, पण जोरही लावू नका. बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं. घरात कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं असतं आणि ते आत डिंकासारखं वाळलेलं असतं. शटलच्या, म्हणजे बॉबिन धरून खालचा दोरा नेणाऱ्या भागाच्या जागेत आणि चाकाच्या मागे दोरा गुंडाळलाय का ते बॅटरी मारून बघा. मग केस वाळवायच्या ड्रायरने लोखंड कोमट करा, प्रत्येक भोकात आणि सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी चाक बोटभर हलवून बघा. असे चार-पाच दिवस लागू शकतात. रॉकेलने वाळलेलं तेल सुटतं, पण ते वंगण नाही. पुसून घेऊन मशीनचं तेल घालायलाच हवं.

चाक फिरतंय पण सुई हलत नाही? चाकाच्या मधला गोल स्क्रू बॉबिन भरताना सैल केलेला असतो, तो आवळून पाहा. एवढ्यावरून "बिघडलेलं" म्हणून विकलेली मशिनं मी पाहिली आहेत.

भाव करण्याआधी सुईशेजारची सरकती पट्टी उघडा. सिंगर २७, २८, १२७, १२८ यांत बंदुकीच्या गोळीसारखं शटल आणि त्यात लांब, सडपातळ बॉबिन असते. कोपऱ्यावरच्या दुकानातली गोल बॉबिन इथे बसत नाही. शटल नसेल तर तेवढे पैसे कमी करून मागा, कारण पुढे शोधाशोध तुम्हालाच करायची आहे.

त्याच पट्टीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. त्या वाचून "१८८० चं मशीन आहे" असं सांगणारे भेटतात. ते पेटंटचं साल झालं, मशीन त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं. वय कळतं ते तळाशी कोरलेल्या क्रमांकावरून. सिंगरने १९०० पासून क्रमांकाआधी अक्षर घालायला सुरुवात केली. वाय किंवा एफ असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं.

आणि विलकॉक्स अँड गिब्ज कंपनीचं मशीन दिसलं, तर बॉबिन हरवली म्हणून नाक मुरडू नका. त्याला बॉबिन नसतेच. जेम्स गिब्जने १८५७ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतं. कापड उलटं केलं की एकात एक गुंतलेले फास दिसतात, आणि शेवटचं टोक मोकळं राहून ओढलं गेलं की सगळी शिवण सरसर उसवते. त्याची सुई मात्र नेहमीच्या घरगुती मशीनची नव्हे. ती जागेवर आहे का ते बघा, आणि विकणाऱ्याच्या डबीत जादा सुया असतील तर आधी त्या मागून घ्या.