गाडीतला आरसा पुन्हा पुन्हा का पडतो? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या उन्हात दोन तास उभी असलेली गाडी उघडली, तर आतला आरसा डॅशबोर्डवर उताणा पडलेला. आठवड्यापूर्वीच मी तो किराणा दुकानातल्या पाच रुपयांच्या ट्यूबने चिकटवला होता आणि ‘झालं काम’ म्हणून हात झटकले होते. पुढे तो आणखी दोनदा पडला. दर वेळी मी गोंद वाढवत गेलो, आणि चूक तिथेच होती. गोंद कमी पडला म्हणून आरसा पडतो असं आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा गोंद चुकीचा असतो, काच नीट पुसलेली नसते किंवा आपल्याला धीर नसतो.

आधी बघा, सुटलंय काय

आरसा सुटण्याच्या जागा तीन. पहिली, काच आणि तिला चिकटवलेली धातूची छोटी टिकली. दुसरी, ती टिकली आणि तिच्यावर सरकवून बसवलेला दांडा. तिसरी, दांड्याच्या टोकाचा गोळा, ज्यावर आरसा फिरतो. टिकली काचेवर शाबूत असेल आणि आरसा हातात आला असेल, तर गोंदाचं काहीच काम नाही. दांड्याचा बारीक स्क्रू सैल झालेला असतो. अ‍ॅलन की (षटकोनी चावी) किंवा टॉर्क्सने (चांदणीच्या टोकाची चावी) तो बेताने आवळला की संपलं. टिकलीसकट आरसा खाली आला असेल, तरच गोंदाकडे वळा.

बऱ्याच गाड्यांत आरसा काचेवर नसतोच, छताला स्क्रूने बसवलेला असतो. तिथे एक चूक सर्रास होते: जुन्या स्क्रूचे आटे गेले म्हणून त्याहून लांब स्क्रू पिळायचा. छताचा बाहेरचा पत्रा तिथून फार दूर नसतो. बाहेरून फोड आल्यासारखा उंचवटा दिसला की मग डेंटरकडे पळापळ.

झटपट गोंद आणि बाकीचे उद्योग

झटपट चिकटणारा गोंद सुकल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. गाडीची काच दिवसभर तापते, रात्री निवते, एसी लावला की अचानक थंड होते. काच आणि धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यात खड्ड्यांचे हादरे. ठिसूळ थर हे फार दिवस सोसत नाही. वर त्याच्या वाफेने काचेवर पांढरट डाग पडतो तो वेगळाच. दुहेरी चिकटपट्टी तर उन्हात मऊ होते आणि आरसा हळूहळू घसरत खाली येतो. एम-सीलचा गोळा थापलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. तो पुढे खरवडताना काचेची काय अवस्था होते, ते विचारू नका.

आरशासाठीचा गोंद वेगळा मिळतो. त्यात दोन भाग असतात, एक आधी पुसून लावायचं द्रव आणि एक गोंद. हा गोंद हवेत सुकत नाही. धातूला चिकटून, हवा कोंडली गेली की तो घट्ट होतो. म्हणून त्याचा एक थेंब पुरतो. जास्त घातला तर टिकलीच्या कडेने बाहेर आलेला गोंद तसाच ओला राहतो आणि जाड थर नीट धरत नाही. ‘थोडा जास्तच घालू’ हा आपला स्वभाव इथे नडतो.

काच पुसणं हेच खरं काम

टिकली कुठे होती याची खूण काच साफ करण्याआधी करायची, आणि तीही बाहेरच्या बाजूने, मार्करने किंवा चिकटपट्टीच्या तुकड्याने. आतून केलेली खूण पुसताना जाते आणि मग आरसा दोन बोटं डावीकडे बसतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

जुना गोंद नव्या ब्लेडने, ब्लेड काचेला जवळजवळ टेकवून खरवडावा. टिकलीवरचा गोंद पॉलिश पेपरने घासून धातू उघडा पाडावा. शेजारी फास्टॅग असेल तर सांभाळून, तो सोलला गेला की टोलवर चालत नाही. मग काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घरातला नेलपेंट रिमूव्हर वापरू नका. बऱ्याच बाटल्यांत तेलकट पदार्थ मिसळलेला असतो, तो काचेवर पातळ थर सोडतो. त्यातल्या अ‍ॅसिटोनचा थेंब डॅशबोर्डवर सांडला तर प्लास्टिकवर कायमचा डाग पडतो, म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा. पुसून झाल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा पुरतो.

तापलेल्या काचेवर काम करू नका आणि कोकणातल्या पावसात ओलसर काचेवरही नको. सावलीत, कोरड्या हवेत, सकाळी केलेलं बरं. काच गरम करायला हीट गन आणणारेही भेटतात. काचेला खड्याचा बारीकसा टवका असेल, तर त्या उष्णतेने तिथून तडा धावतो.

टिकलीला वर-खाली असतं. साधारणपणे तिचा निमुळता भाग वर येतो, म्हणजे दांडा वरून खाली सरकत घट्ट बसतो. उलटी चिकटवली तर दांडा बसतच नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. चिकटवण्याआधी टिकली एकदा दांड्यात घालून बघा. मग गोंदाचा थेंब लावून ती खुणेवर मिनिटभर न हलवता दाबून धरा. पाकिटावर पंधरा-वीस मिनिटांनी आरसा लावा असं लिहिलेलं असतं. मी रात्रभर थांबतो.

जोर लावून काढू नका

समोरची काच म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या दोन काचा. आरसा धरून स्वतःकडे ओढला, तर टिकलीबरोबर आतल्या काचेची कपचीसुद्धा निघू शकते, आणि मग खर्च अख्ख्या काचेचा. कुठे दांडा वरच्या बाजूला सरकवून निघतो, कुठे स्प्रिंगचा असतो तो फिरवून. आपल्या गाडीची पद्धत आधी पाहा. आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल, तर तो डबा स्वतः उघडू नका. कॅमेरा जरासा हलला तरी त्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागू शकते.

खाली झुकणारा, थरथरणारा आरसा

1911 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत जिंकणाऱ्या रे हॅरूनने गाडीवर आरसा लावला होता. विटांच्या ट्रॅकवर तो इतका हादरत होता की त्यात फारसं काही दिसलंच नाही, असं त्याने पुढे सांगितलं होतं. आपले रस्ते त्या विटांपेक्षा फार वेगळे नाहीत. आरसा थरथरत असेल तर आधी वजन बघा: आरशाला पट्ट्याने बांधलेला डॅशकॅम, तुळशीची माळ, लॉकेट, छोटा गणपती. गोळ्याच्या सांध्यावर याचा भार पडून तो झिजतो. तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा मारू नका; त्याने तो आणखी घसरतो. सांध्याला स्क्रू असेल तर आवळा. नसेल आणि आतली प्लास्टिकची वाटी झिजली असेल, तर आरसा बदलणंच शहाणपणाचं.

रात्री आपोआप काळवंडणाऱ्या आरशात दोन काचांमध्ये रसायनाचा थर असतो. तो गळू लागला, तपकिरी डाग पडला की दुरुस्ती नाही. उघडून बघू नका आणि गळालेला द्रव हाताला लागू देऊ नका. असा आरसा भलत्या वेळी काळा पडत असेल, तर त्याचा समोरच्या काचेकडे तोंड असलेला सेन्सर कशाने झाकला गेलाय का ते आधी बघा. बहुतेकदा डॅशकॅमच निघतो.

नवा घेताना

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ स्वस्त आरसे ढिगाने मिळतात. बहिर्गोल रुंद आरसा मोहात पाडतो, पण त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. मुख्य आरसा म्हणून तो नको. रात्री मागच्या गाडीचा झोत मंद करणाऱ्या खालच्या खटक्याचीही परीक्षा दुकानातच घ्या. चांगल्या आरशाची काच पाचरीसारखी असते. खटका ओढला की मागचा चांदीचा मुलामा छताकडे वळतो आणि आपल्याला फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं, साधारण 4 टक्के प्रकाशाचं मंद प्रतिबिंब दिसतं. आरसा हातात धरून मागची ट्यूबलाइट त्यात बघा आणि खटका ओढा. ट्यूबलाइट तिथेच मंद दिसली तर आरसा घ्या. नुसतीच खाली-वर सरकली, तर ती साधी सपाट काच आहे, परत ठेवा.