क्वार्टझसाइटला हिवाळा काढायचा बेत असेल तर आधी हे वाचा

दोनचार जणांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही दोघं रिटायर झाल्यापासून आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन अमेरिकेत ॲरिझोनात क्वार्टझसाइटला येतो, हे तिसरं वर्ष. जमीन सरकारी, बीएलएमची (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं). तिथे लांब मुक्कामासाठी ला पोसासारखे ठरवलेले भाग आहेत, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सीझन, सगळ्या सीझनचं परमिट आम्ही काढलं तेव्हा 180 डॉलर होतं नि 14 दिवसांचं 40 (निघण्यापूर्वी आताचा रेट बघून घ्या). गावाभोवती फुकट राहायच्या जागाही आहेत पण तिथे 14 दिवस झाले की गाशा गुंडाळायचा.

तर नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती न्यायचं? अहो, पाणी मिळतं, ला पोसात नळ आहे. खरी अडचण वापरलेल्या पाण्याची. भांडी-आंघोळीचं पाणी जमिनीवर सोडायचं नाही, ते गाडीखालच्या टाकीत जातं, आणि ती टाकी भरली की सगळा संसार आवरून, खुर्च्या-सोलर पॅनल गोळा करून गाडी डंप स्टेशनला (टाकी रिकामी करायची जागा) न्यायची नि लाइनीत उभं राहायचं. पहिल्या वर्षी आमची टाकी सहाव्या दिवशी फुल्ल! कारण आपली सवय, नळ चालू ठेवून भांडी विसळायची. आता आमटीची पातेली आधी पेपरने पुसून घेतो, मग अर्ध्या बादलीत काम होतं, दहा-अकरा दिवस सहज जातात. हीला सुरुवातीला ते अजिबात पटलं नव्हतं.

कुकर आणाच, प्रोपेन (स्वयंपाकाचा गॅस) वाचतो. डाळ-भात एकदमच लावायचा. मिक्सर मात्र छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही, आमचा चटणी वाटतानाच बंद पडला, म्हणून खलबत्ता आणलाय. जनरेटर असेल तर रात्री 10 नंतर बंद, सकाळी 6 पर्यंत.

जागा निवडताना वाळूची सपाट, मऊ पट्टी दिसली की मोह होतो. ती वॉश असते, म्हणजे आपला कोरडा ओढा. पाऊस लांब डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर ढगसुद्धा नसतो आणि लोंढा येतो. थोड्या उंचावरची खडीची जागा बघा, गाडीचं तोंडही आधी वारा कुठून येतो ते बघून लावा. जानेवारीत दुपारी टीशर्ट नि पहाटे कानटोपी, तेव्हा रजया आणा.

जानेवारीत आरव्ही शो असतो, त्या दिवसांत गावात गाडी घालायचीच नाही, किराणा आधी भरा. कोथिंबीर मेक्सिकन दुकानात मिळते. कढीपत्ता मिळत नाही, तो घरूनच वाळवून आणा.