डेस्कटॉप चालू होत नाही? मदरबोर्डला दोष देण्याआधी हे तपासा

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, आणि बार्देश, साष्टी तालुक्यांच्या किनाऱ्यालगत त्यात मीठही असते. कॅबिनेटमधल्या पिना, स्लॉट आणि स्विच यांवर थर चढतो, गंज धरतो. म्हणून पावसात बंद पडलेल्या मशीनचे आधी पॉवर आणि कॉन्टॅक्ट तपासावेत. मदरबोर्ड बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. अर्थ नसला की एसएमपीएसच्या (मेनची वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा) फिल्टरमधले कपॅसिटर मेनचा साधारण निम्मा व्होल्टेज पत्र्यावर आणतात. मल्टीमीटर एसीवर ठेवून मोजा: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढाच, न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालावे लागते. पावसात मात्र बहुधा गंजलेली तार सापडते. दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्या. अर्थ नसेल तर सर्ज प्रोटेक्टर विजेच्या कडकडाटात फारसा कामाचा नाही, प्लग काढून ठेवणे हाच उपाय.

आता प्लग काढा, पॉवर बटण 10 सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेट उघडा. आत मुंग्या किंवा मेलेली पाल दिसली तर आधी ती साफ करा, शॉर्टसर्किटचे कारण तिथेच असू शकते. ओल वाटली तर दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका.

बटण दाबूनही काहीच हलत नसेल तर ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली वायर बोर्डवरून उपसा, प्लग परत लावा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झाले तर बोर्ड ठीक आहे, समोरचा स्विच गंजला आहे. नवा मिळेपर्यंत रिसेटची वायर त्याच पिनांवर लावून काम भागते.

तरीही मशीन मेलेलेच असेल तर मल्टीमीटर डीसीवर ठेवून, काळी दांडी काळ्या वायरला लावून एसएमपीएस मोजा. बंद अवस्थेतही 24 पिनांच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरवर 5 व्होल्ट हवेत. बोर्डवरून कनेक्टर काढूनही तिथे शून्य आले तर एसएमपीएस गेला. मशीन चालू असताना पिवळीवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47 व्होल्ट यायला हवेत. त्याच कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएसचा पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नका, लोड आल्यावर खरा दोष दिसतो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्ट शिल्लक असू शकतात.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, अशा वेळी आधी रॅम पाहा. प्लग काढून रॅम उपसा, सोनेरी पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबराने पुसा, चुरा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. एकच रॅम दोन्ही बाजूंनी ‘टक’ होईपर्यंत बसवा, नाही चालली तर स्लॉट बदला. प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा कनेक्टरही दाबून पाहा, तो सैल असला तरी हेच लक्षण दिसते.

दर वेळी घड्याळ मागे जात असेल तर बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल बदला. चालता चालता मशीन बंद होत असेल तर हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढा आणि प्रोसेसर व हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा.

शेवटची परीक्षा: कार्ड, डिस्क, रॅम सगळे काढा, बोर्ड, कूलरसह प्रोसेसर, एसएमपीएस आणि छोटा स्पीकर एवढेच ठेवा. रॅम नसल्याची बीप आली तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान जिवंत आहेत, काढलेले भाग एकेक करून परत लावा. चांगला एसएमपीएस लावूनही बीप नाही आणि बोर्डवर फुगलेले कपॅसिटर किंवा हिरवट बुरशीसारखा गंज दिसतो, तेव्हाच बोर्ड दुरुस्तीला द्या.